स्पिन करून आल्यावर होरायझन वाकडा राहतो? पुढचा बसवण्याआधी हे तपासा

आमच्या हँगरमधल्या एका दोन आसनी ट्रेनर विमानाचा आर्टिफिशियल होरायझन (विमान क्षितिजापासून किती कललंय ते दाखवणारं उपकरण) आठ महिन्यांत तीनदा बदलला. त्यातले दोन मी माझ्या हातांनी बसवले. दर वेळी स्नॅग शीटवर, म्हणजे तक्रारीच्या कागदावर, तोच मजकूर: ‘होरायझन उजवीकडे कलतो, सरळ व्हायला वेळ लावतो.’ ओव्हरहॉल केलेलं उपकरण यायचं, बसायचं, जमिनीवर छान उभं राहायचं आणि दोन-अडीच महिन्यांत पुन्हा तीच तक्रार. दुसऱ्या खेपेला आम्ही उपकरणातली हवा ओढणारा व्हॅक्यूम पंपही बदलला, कारण संशय घ्यायला दुसरं काही सुचत नव्हतं. तक्रार होती तिथेच राहिली.

उलगडा झाला तो एका विद्यार्थ्यामुळे. मूळचा सांगलीचा, इथे ॲरिझोनात सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, आलेला. एका दुपारी हँगरच्या दारात उभा राहून म्हणाला, “ताई, सकाळी निघताना होरायझन एकदम सरळ होता. स्पिन करून आलो तर वीस अंश उजवीकडे झोपलाय. अजून उठला नाही.”

मी त्या संध्याकाळी बुकिंगची वही काढली आणि तिन्ही वेळच्या स्नॅगच्या तारखा शेजारी मांडल्या. तिन्ही वेळा आदल्या दोन दिवसांत स्पिनचे (विमान गरगरत खाली येतं ते) किंवा एरोबॅटिक्सचे (हवेतल्या कसरतींचे) धडे झाले होते. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे त्याच विमानावर सकाळी स्पिन आणि दुपारी बाहेरचं दिसू नये म्हणून हुड घालून उपकरणांवरचं उड्डाण, असे दिवसही वहीत होते. म्हणजे जे उपकरण आम्ही सकाळी आपटत होतो, त्याच्याच भरवशावर दुपारी बाहेर न बघता उडायला शिकवत होतो.

ही तक्रार भारतातल्या क्लबांमधून आलेल्या मुलांकडूनही मी ऐकली आहे, त्यामुळे सगळं सविस्तर लिहिते. एएमई (विमान देखभाल अभियंत्याचं शिक्षण) करणाऱ्यांना उपयोग होईल आणि उडवणाऱ्यांना त्याहून जास्त.

आधी उपकरणाचं काम काय ते बघू

होरायझनच्या पोटात एक जड चकती असते, रोटर. पंप डब्यातली हवा ओढून घेतो, बाहेरची हवा फिल्टरमधून आत येताना चकतीच्या खाचांवर आदळते आणि चकती मिनिटाला सुमारे १५,००० फेऱ्यांनी फिरते. फिरणारा भोवरा जसा आपली उभी दिशा सोडत नाही, तशी ही चकतीही सोडत नाही. ती दोन चौकटींमध्ये, म्हणजे गिंबलमध्ये टांगलेली असते. विमान डावीकडे-उजवीकडे कललं, नाक वर-खाली झालं, तरी चकती तिथेच आणि विमान तिच्याभोवती फिरतं. आपल्याला दिसते ती क्षितिजाची रेघ या चकतीला बांधलेली असते.

जोवर गिंबल मोकळे आहेत तोवर चकतीवर काही जोर येत नाही. अडचण आहे ती गिंबलच्या थांब्यांची. हवेवर चालणाऱ्या जुन्या घडणीच्या होरायझनला साधारण १०० ते ११० अंश कल आणि ६० ते ७० अंश नाकाचा कोन एवढीच मुभा असते. त्यापुढे गिंबल धातूच्या थांब्याला टेकतो आणि विमान अजून फिरतच असतं. आता थांबा चकतीला ढकलतो. फिरत्या चकतीला ढकललं तर ती ढकलल्या दिशेला जात नाही, काटकोनात वळते. त्यामुळे दुसरा गिंबल झटक्यात उलटतो, तो त्याच्या थांब्यावर आदळतो, मग पहिला, मग पुन्हा दुसरा. काचेतून बघणाऱ्याला रेघ वेड्यासारखी गरगरताना दिसते. यालाच आपण टॉपल होणं म्हणतो. अमेरिकेत टंबल म्हणतात, गोष्ट तीच.

डीजीचं, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा (हेडिंग) दाखवणाऱ्या जायरोचं, तसंच. जायरो म्हणजे असं फिरत्या चकतीवर चालणारं उपकरण. त्याची चकती आडव्या आसावर सुमारे १२,००० फेऱ्यांनी फिरते आणि जुन्या घडणीत त्याची मुभा आणखी कमी, साधारण ५५ अंश. तो टॉपल झाला की आकड्यांची तबकडी भिंगरीसारखी फिरते.

आता हिशेब करा. लूपमध्ये, म्हणजे हवेत उभा गोल घेताना, नाक सरळ आभाळाकडे जातं, म्हणजे ९० अंश. रोलमध्ये कल १८० अंशांतून जातो. स्पिनच्या सुरुवातीला नाक साठ-सत्तर अंश खाली आणि जोडीला भरपूर कल. शँडेल आणि लेझी एट या सौम्य वळणांच्या कसरती मात्र या मर्यादांच्या आत बसतात, त्यांनी जुना होरायझनही टॉपल होत नाही. त्यामुळे ‘एरोबॅटिक्सनंतर बिघडला’ एवढं सांगून मला काही कळत नाही. कोणता प्रकार केला ते हवं.

अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटलने २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर कॉकपिट झाकून फक्त उपकरणांवर उड्डाण केलं तेव्हा त्याच्याकडे स्पेरी कंपनीचा होरायझन आणि डीजी होता. ढगात किंवा धुक्यात विमान सरळ ठेवायला हे उपकरण जन्मलं. आपण वापरतो ती हवेवर चालणारी उपकरणं अजून त्याच घराण्यातली आहेत. उलटंपालटं होणं त्यांच्या कामात धरलेलंच नाही.

पहिला प्रश्न: टॉपल झालाय की झिजलाय?

हे दोन वेगळे आजार आहेत आणि आम्ही आठ महिने त्यांना एक समजत होतो.

नुसता टॉपल झालेला होरायझन आपोआप उठतो. चकतीच्या घराखाली चार झडपा लोंबत असतात. घर कललं की एका बाजूची झडप जास्त उघडते, हवेचा झोत बदलतो आणि त्या जोराने चकती हळूहळू उभी होते. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा, कारण याला काही मिनिटं लागतात, आणि त्या मिनिटांत विमान सरळ उडत असलं पाहिजे. लोंबत्या झडपांना खरी खालची बाजू कळत नाही. विमानातल्या माणसाला जिकडे वजन जाणवतं तिकडे त्या लोंबतात. वळणात असाल तर त्या चुकीच्या दिशेला चकती उभी करतात. टॉपलनंतर लगेच पुढच्या स्पिनसाठी वळत वळत उंची घेतली, असं तीन-चारदा केलं, तर होरायझनला उठायला सलग सरळ वेळ मिळतच नाही. विद्यार्थ्याला वाटतं बिघडला.

म्हणून पहिली चाचणी अगदी साधी. शेवटच्या स्पिननंतर दहा मिनिटं सरळ, समतल, एका वेगाने उडा. त्या वेळात उठला आणि पुढे सरळ राहिला, तर उपकरणाचा स्वभावच तो आहे. दहा मिनिटांनीही वाकडा, किंवा सरळ होऊन पुन्हा एकाच बाजूला कलायला लागला, तर मात्र पुढे वाचा.

झीज म्हणजे बेअरिंगची झीज. प्रत्येक टॉपलमध्ये गिंबल थांब्यावर आदळतो आणि तो दणका रोटरच्या आणि गिंबलच्या बारीक बेअरिंगना बसतो. गोळ्यांचा कडीवर ठसा उमटतो, सुईच्या टोकाएवढा खळगा. लहानपणी ज्यांनी भोवरा फिरवला आहे त्यांना सांगायला नको की आर बोथट झाली किंवा वाकली की भोवरा डुलायला लागतो आणि एका बाजूला सरकतो. जायरोतही तेच. बेअरिंगमधला रखडा वाढला की तो चकतीला सतत थोडा थोडा ढकलतो, चकती काटकोनात सरकते, आणि क्षितिज एका बाजूला झुकायला लागतं. झडपा त्याला परत उभं करू पाहतात आणि दोघांची ओढाताण चालू राहते. आमच्या शीटवरचा ‘उजवीकडे कलतो, सरळ व्हायला वेळ लावतो’ हा मजकूर म्हणजे या ओढाताणीचं अचूक वर्णन होतं. वाचणाऱ्यांना, म्हणजे आम्हाला, ते कळलं नाही.

हँगरमध्ये करायच्या तपासण्या

मी आता ज्या क्रमाने करते तो सांगते.

सर्वांत आधी एक बिघडलंय की दोन्ही. होरायझन आणि डीजी एकाच पंपावर चालतात. दोन्ही आळशी झाले असतील तर हवेची बाजू बघा: पंप, रेग्युलेटर, फिल्टर, नळ्या. एकच बिघडला असेल तर दोष बहुधा त्या उपकरणात, किंवा त्याला जाणाऱ्या नळीत. हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी नीट विचारला असता तर पंप बदलायचा खर्च वाचला असता, कारण आमचा डीजी बरा चालत होता.

मग पंपाची ओढ मोजणारा सक्शन गेज. बहुतेक हलक्या विमानांत क्रूझच्या, म्हणजे नेहमीच्या सरळ उड्डाणाच्या, आरपीएमला काटा साधारण ४.५ ते ५.५ इंच पाऱ्याच्या दरम्यान हवा. नेमका आकडा तुमच्या विमानाच्या हँडबुकात बघा. आयडलला, म्हणजे इंजिन सर्वांत मंद असताना, तो खाली जातो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. स्पिनमध्ये थ्रॉटल आयडलवर असतो तेव्हाही तो खाली जातो, पण जड चकती तेवढ्यात फारशी मंदावत नाही. काटा कमी असेल तर लगेच रेग्युलेटरचा स्क्रू फिरवू नका. आधी फिल्टर बघा. घाण झालेल्या फिल्टरवर रेग्युलेटर पिळून काटा गेजच्या हिरव्या पट्ट्यात आणला, आणि नंतर कुणी नवा फिल्टर बसवला, की जायरो गरजेपेक्षा जोरात फिरतात आणि बेअरिंग जातात.

फिल्टरबद्दल एक गोष्ट एरोबॅटिक विमानांना खास लागू आहे. विमान उलटं झालं की फरशीवरची सगळी धूळ, वाळू, कागदाचे कपटे वर येतात आणि पॅनलच्या मागे जाऊन बसतात. मुख्य फिल्टर बऱ्याच विमानांत तिथेच असतो. ॲरिझोनाच्या धुळीत तर विचारायलाच नको. साधारण प्रथा ५०० तासांनी किंवा वर्षातून एकदा मुख्य फिल्टर आणि १०० तासांनी रेग्युलेटरचा फोमचा फिल्टर बदलण्याची. एरोबॅटिक्स करणाऱ्या विमानात मी दर १०० तासांच्या तपासणीला मुख्य फिल्टरही काढून बघते, आणि उड्डाणाआधी फरशी झाडून घ्यायला लावते. सैल पेन किंवा नाणं रडर पेडलखाली अडकणं हा वेगळा आणि त्याहून मोठा धोका आहे, त्यामुळे ही झाडलोट दोनदा कामी येते.

नळ्या हाताने चाचपा. पॅनलमागे कुठे मुडपली आहे का, क्लॅम्प सैल आहे का. कोरड्या पंपाच्या आसपास इंजिनाचं तेल दिसलं तर तेही लिहून ठेवा. या पंपांच्या पात्या कार्बनच्या असतात आणि आत गेलेलं तेल त्यांना संपवतं. उलट्या उड्डाणात ब्रीदरमधून (इंजिनाची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर फेकलेलं तेल पोटाला माखलेलं असतंच, त्यात गळती लपून जाते. म्हणून आधी पुसून घ्या, मग बघा.

आता टॅक्सीची चाचणी. इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटांत होरायझन उभा राहिला पाहिजे आणि टॅक्सी करताना वळणात पाच अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. डीजी होकायंत्राशी जुळवा आणि पंधरा मिनिटांनी बघा. तीन अंशांपर्यंतचा फरक चालतो.

इथे मुंबईहून आलेली मुलं हमखास विचारतात की तिकडच्यापेक्षा इकडे डीजी जास्त का सरकतो. त्यातला काही भाग पृथ्वीच्या फिरण्याचा आहे. तो तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाचा साइन एवढा असतो. मुंबईच्या १९ अंशांवर तासाला पाचेक अंश होतात, फीनिक्सच्या साडेतेहेतीस अंशांवर आठांच्या वर. म्हणजे जायरोत भरपाईची सोय नसेल तर पंधरा मिनिटांत दोन अंश पृथ्वीच नेते. त्याहून बराच जास्त सरकत असेल तरच बेअरिंगवर संशय घ्या.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकी तपासणी कानाने करायची. इंजिन बंद करा, विजेचा मास्टर स्विच बंद करा, हँगरमधला पंखा आणि रेडिओ बंद करा, आणि कान पॅनलजवळ न्या. धडधाकट चकती बारीक, एकसारखा सूर काढत बराच वेळ फिरत राहते, दहा मिनिटं किंवा जास्तही. खराब बेअरिंगची चकती घरघरते, मध्येच कुरकुरते आणि लवकर थांबते. नवीन उपकरण बसवल्याच्या दिवशी हा वेळ मोजून लिहून ठेवा. पुढे दर तपासणीला मोजा. आमच्याकडे पहिल्या तीन उपकरणांचा असा एकही आकडा लिहिलेला नव्हता. चौथ्यापासून आहे.

होरायझन काढायचा असेल तर चकती पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा. फिरती चकती हातात घेऊन वाकडी केली तर तुम्ही स्वतःच तिला टॉपल करता. काढल्यावर अंडी नेतात तसं न्या, बाकावर टेकवताना खाली फोम ठेवा. उघडायचं तर मुळीच नाही. अमेरिकेत मेकॅनिकच्या परवान्यावर उपकरणाची दुरुस्ती करता येत नाही, ते काम मान्यताप्राप्त उपकरण दुरुस्ती केंद्राचं. तिकडे पाठवताना सोबत चिठ्ठी द्या की हे विमान स्पिन आणि एरोबॅटिक्स करतं. आम्ही ती पहिल्या दोन वेळा दिली नव्हती. तिसऱ्यांदा दिली तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाने फोन करून विचारलं, “मग हे मॉडेल का वापरता?”

केज करायची कळ

काही होरायझनना ओढून केज करायची कळ असते. ती ओढली की गिंबल डब्याशी सरळ रेषेत अडकतात. एरोबॅटिक्सआधी केज करा, हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो. तो अर्धा बरोबर आहे.

केज केल्याने टॉपल होत नाही आणि थांब्यांवरची आदळआपट टळते, हे खरं. पण चकती अजून १५,००० फेऱ्यांनी फिरते आहे आणि आता ती विमानाला बांधली गेली आहे. विमान फिरलं की तिला जबरदस्तीने सोबत फिरावं लागतं आणि तो सगळा पीळ बेअरिंगवर येतो. हा पीळ विमानाच्या फिरण्याच्या वेगाच्या पटीत वाढतो. नेहमीचं प्रमाणित वळण सेकंदाला ३ अंशांचं. स्पिनची एक फेरी दोन-तीन सेकंदांत होते, म्हणजे सेकंदाला १२० ते १८० अंश, चाळीस ते साठ पट. स्नॅप रोल, म्हणजे झटक्यात घेतलेला रोल, सेकंदाला ३०० अंशांनी झाला तर शंभर पट. केज केलेला जायरो टॉपल होत नाही म्हणून सुखात आहे असं समजू नका.

मग करायचं काय? तुमच्या उपकरणाच्या उत्पादकाने केज करायला सांगितलं असेल तर करा, त्यांनी आपल्या बेअरिंगचा विचार करून सांगितलेलं असतं. फक्त सरळ उड्डाणात करा आणि सरळ उड्डाणातच सोडा. वळणात सोडलात तर तो त्या वळणालाच समतल धरून बसेल. आणि आधी खात्री करा की कळ केजचीच आहे. बहुतेक शाळांच्या विमानांतल्या होरायझनवर जी छोटी फिरवायची कळ असते ती फक्त मधलं चिमुकलं विमान वर-खाली करते. ती फिरवून ‘केज केलं’ असं मनापासून सांगणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि दोष त्यांचा नाही, कुणी दाखवलंच नव्हतं.

डीजीला वेगळी केजची कळ शोधू नका. हेडिंग लावायची कळ आत दाबली की तो केज होतो, सोडली की मोकळा. टॉपल झाला तर सरळ उडत दाबून धरा, होकायंत्राशी जुळवा, सोडा.

टर्न कोऑर्डिनेटर मात्र शाबूत राहतो

हे वळण्याची दिशा आणि वेग दाखवणारं उपकरण. त्याला एकच गिंबल, तोही स्प्रिंगने बांधलेला, त्यामुळे तो टॉपल होत नाही. स्पिनमध्ये तो आपल्या थांब्याला टेकून राहतो आणि फिरण्याची दिशा दाखवतो. सरळ स्पिनमधून बाहेर पडताना दिशेची शंका आली तर त्याच्याकडे बघायचं. होरायझनकडे नाही, आणि विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या खालच्या गोळीकडेही नाही. शेजारी-शेजारी आसनं असलेल्या विमानात गोळी स्पिनची दिशा सांगत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. टर्न कोऑर्डिनेटरचा जायरो तिरपा बसवलेला असतो, साधारण ३० अंश, म्हणून त्याला वळणासोबत कलही जाणवतो. उलट्या स्पिनमध्ये रोल आणि यॉ (नाकाचं डावी-उजवीकडे फिरणं) एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि तो फसवू शकतो. जुन्या पद्धतीचा टर्न अँड स्लिपचा काटा फक्त यॉ मोजतो, त्यामुळे तो उलट्या स्पिनमध्येही खरं सांगतो. एरोबॅटिक्स शिकवणारे जुने लोक पॅनलवर तो काटाच मागतात, ते यासाठी.

हे एवढं मनाला का लावून घ्यायचं

आमच्याच विमानावर घडलेली गोष्ट आहे. इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी स्पिनचा धडा आटोपून संध्याकाळी परत येत होते. हवेत धूळ, समोर मावळतीचा सूर्य, क्षितिजाची रेघ नाहीशी झालेली. होरायझन टॉपलमधून उठला नव्हता, सपाट उडत असताना वीस अंश उजवीकडे दाखवत होता. विद्यार्थ्याने तेच केलं जे त्याला हुडखाली शिकवलं होतं: रेघ सरळ केली. म्हणजे विमान वीस अंश डावीकडे कललं आणि वळायला लागलं, आणि त्याच्या अंगाला काहीच जाणवलं नाही. इन्स्ट्रक्टरची नजर टर्न कोऑर्डिनेटरवर गेली म्हणून तिला कळलं. उंची भरपूर होती, काही झालं नाही. तिने येऊन मला सांगितलं तेव्हा मी त्या रात्री नीट झोपू शकले नाही, कारण तो होरायझन ‘उड्डाणयोग्य’ म्हणून मीच सही करून दिला होता.

त्यानंतर आम्ही एक नियम घातला. स्पिन किंवा एरोबॅटिक्सच्या उड्डाणात होरायझन आणि डीजीवर झाकणं लावायची. रबराची साधी गोल झाकणं, उपकरण निकामी झाल्याचा सराव करताना लावतात तीच. खोटं सांगणारं उपकरण समोर नसलं की नजर बाहेर जाते.

कायमचा उपाय

झाकणाने माणूस वाचतो, बेअरिंग वाचत नाही. त्यासाठी विमानाचं काम ठरवावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे: ज्या विमानावर नियमित स्पिन आणि एरोबॅटिक्स होतात त्यातून हवेवर चालणारे जायरो काढून टाका. अमेरिकेत दिवसाच्या व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून केलेल्या, उड्डाणाला होरायझन आणि डीजी लागतच नाहीत. एरोबॅटिक्सच्या स्पर्धेत उडणारी एक्स्ट्रा आणि पिट्स विमानं बघा. पॅनलवर वेग, उंची, जी-मीटर (विमानावर येणारा भार दाखवणारा), आणि पंखाच्या टोकाला सळ्यांची एक चौकट, जिच्यातून बाहेरचं क्षितिज बघून कोन जुळवायचा. तिथे जायरोची कुणाला आठवणही येत नाही. काढताना नळ्यांची आणि पंपाची तोंडं नीट बंद करा, उपकरणांच्या यादीत बदल करा, वजन आणि तोल नव्याने काढा, लॉगबुकात नोंद करा. दोन उपकरणं, पंप आणि नळ्या गेल्या की काही किलो वजनही कमी होतं, आणि दोन आसनी विमानात ते जाणवतं.

शाळेला एकाच विमानावर दोन्ही कामं हवी असतील तर पूर्ण फिरण्याची मुभा असलेला होरायझन घ्या. अलीकडच्या घडणीत कलाला ३६० अंश आणि नाकाला ८५ अंशांच्या आसपास मुभा मिळते. उभ्या रेषेतून जाताना तो ठरवून झटक्यात पलटी मारतो आणि पुढे बरोबर दाखवतो. महाग असतो, आणि पीळ त्याच्याही बेअरिंगना चुकत नाही.

चकतीच नसलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणं हा तिसरा मार्ग. त्यांच्यात सिलिकॉनच्या चिपवरचे बारीक कंप पावणारे भाग फिरण्याचा वेग मोजतात आणि त्यावरून कोन काढला जातो. बेअरिंग नाही, त्यामुळे झीज नाही. २०१५ साली एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, हलक्या विमानांत व्हॅक्यूमचा होरायझन काढून असं उपकरण बसवण्याची वाट बरीच सोपी केली. पण यांनाही मर्यादा आहे. फिरण्याचा वेग सेन्सरच्या कमाल आकड्यापुढे गेला की हिशेब चुकतो आणि पडदा वाकडा होतो किंवा लाल फुली दाखवतो. विकत घेण्याआधी माहितीपत्रकात सेकंदाला किती अंश लिहिलं आहे ते वाचा आणि तुमच्या स्नॅप रोलशी ताडून बघा. भारतात नोंदणी असलेल्या विमानावर बसवायचं तर डीजीसीएला, म्हणजे भारतातल्या नियामकाला, मान्य असलेली मंजुरी आधी हातात हवी.

आमच्या शाळेने शेवटी पहिला मार्ग घेतला. त्या विमानातून दोन्ही जायरो निघाले, त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या गोल पट्ट्या बसल्या, आणि ते आता फक्त स्पिन आणि एरोबॅटिक्सला जातं. हुडचे धडे दुसऱ्या विमानावर होतात आणि त्याची स्पिनची बुकिंग आम्ही बंद केली. तिथे बसवलेल्या होरायझनच्या चकतीचा थांबायचा वेळ मी दर १०० तासांनी मोजते. पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच अजून आहे.

तुमच्याकडे हे बदल लगेच होणार नसतील तर निदान स्नॅग शीट नीट भरा. ‘होरायझन खराब’ एवढंच लिहू नका. कोणता प्रकार केला, किती वेळा, त्यानंतर किती मिनिटं सरळ उडालात, कोणत्या बाजूला किती अंश कलला, डीजीचं काय झालं आणि त्या वेळी सक्शन किती होतं, हे लिहा. सांगलीच्या त्या मुलाने त्या दुपारी यातलं बहुतेक सगळं मला तोंडी सांगितलं होतं, मी फक्त कागदावर उतरवून घेतलं.